राक्षसी ताऱ्यांचे ग्रह आणि चाळीस वर्षांचा निवाडा

1993 साली टेक्सासमधल्या मॅकडोनाल्ड वेधशाळेत काम करणाऱ्या आर्टी हॅट्झेस आणि विल्यम कॉक्रन या दोघांनी एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यात तीन ताऱ्यांची निरीक्षणे होती: आर्क्टुरस, अल्डेबरान आणि पोलक्स. ही नावे परकी वाटली, तरी तारे आपल्या अगदी ओळखीचे आहेत. पहिला म्हणजे स्वाती, दुसरा रोहिणी आणि तिसरा पुनर्वसूच्या जोडीतला अधिक ठळक तारा. आपल्याकडचा शेतकरी पावसाचा हिशेब ज्या नक्षत्रांवर मांडत आला, पुनर्वसूच्या पावसाला तरणा पाऊस म्हणत आला, त्याच नक्षत्रांचे हे मानकरी. हॅट्झेस आणि कॉक्रन यांना दिसले ते असे, की हे तिन्ही तारे हलत आहेत. थोडे आपल्याकडे येतात, थोडे दूर जातात, पुन्हा येतात. स्वातीच्या अशा एका फेऱ्याला 233 दिवस लागत होते, रोहिणीच्या फेऱ्याला 643 आणि पोलक्सच्या फेऱ्याला 554.

एखाद्या ताऱ्याभोवती मोठा ग्रह फिरत असेल तर तारा असाच हलतो. पण या दोघांनी निबंधात घाई केली नाही. ग्रह असू शकतील, असे त्यांनी लिहिले आणि ताऱ्याच्या स्वतःच्या फिरण्यामुळेही असे दिसू शकेल, हेही तिथेच नोंदवले. सूर्यासारख्या साध्या, जिवंत ताऱ्याभोवतीचा एकही ग्रह तेव्हा सर्वमान्य झालेला नव्हता. तिन्ही ताऱ्यांचा निकाल लागायला पुढे किती वर्षे जातील आणि तो तिघांचा किती वेगळा असेल, याची कल्पना कुणालाच नव्हती.

हे तिन्ही तारे राक्षसी तारे आहेत. ताऱ्याच्या गाभ्यातला हायड्रोजन संपत आला, की गाभा आकसतो आणि बाहेरचे थर फुगू लागतात. पृष्ठभाग थंड होतो, रंग नारिंगी-तांबडा होतो. पोलक्सची त्रिज्या सूर्याच्या सुमारे 9 पट आहे, स्वातीची 25 पट, रोहिणीची जवळजवळ 44 पट. आपला सूर्यही सुमारे 5 अब्ज वर्षांनी याच वाटेने जाणार आहे. त्यामुळे राक्षसी ताऱ्याभोवती ग्रह शोधणे म्हणजे आपल्याच ग्रहमालेच्या उतारवयाचा अभ्यास आहे. कोणते ग्रह वाचतात, कोणते गिळले जातात, उरलेल्यांच्या कक्षा टिकतात की विस्कटतात, हे प्रश्न पृथ्वीपासून फार दूरचे नाहीत.

आणखी एक कारण होते, आणि ते पूर्णपणे व्यावहारिक होते. सूर्याच्या दीडपट-दुप्पट वस्तुमानाचे तारे तरुणपणी फार तापलेले असतात आणि स्वतःभोवती गरगर फिरतात. त्यांच्या वर्णपटातल्या रेषा मोजक्या आणि पसरट असतात, त्यामुळे त्यांचा वेग बारकाईने मोजता येत नाही. तेच तारे म्हातारपणी थंड होतात, त्यांचे फिरणे मंदावते आणि वर्णपटात शेकडो रेखीव रेषा उमटतात. वजनदार ताऱ्यांना ग्रह असतात का, हे पाहायचे असेल तर त्यांच्या म्हातारपणाची वाट धरावी लागते. अमेरिकेतल्या जॉन अ‍ॅशर जॉन्सन यांनी 2007 पासून चालवलेल्या निबंधमालेचे नावच ‘निवृत्त ए-तारे आणि त्यांचे सोबती’ अशा अर्थाचे होते.

मोजायचे काय असते, ते थोडक्यात सांगतो. भारदस्त माणूस लहान पोराबरोबर फुगडी घालतो, तेव्हा पोर मोठे वर्तुळ काढते, पण माणूसही जागच्या जागी थोडा डुलतोच. तारा आणि ग्रह यांचे असेच आहे. ताऱ्याचे हे डुलणे त्याच्या प्रकाशात दिसते: तो आपल्याकडे येताना वर्णरेषा निळ्या बाजूला सरकतात, दूर जाताना तांबड्या बाजूला. गुरूमुळे आपला सूर्य सेकंदाला जेमतेम साडेबारा मीटर वेगाने डुलतो, आणि तेही बारा वर्षांच्या फेऱ्यात. प्रकाशवर्षे दूरच्या ताऱ्याचा इतका मंद वेग मोजणे हे 1980 पूर्वी जवळपास अशक्य होते. तेव्हाच्या नेहमीच्या पद्धतींत शेकडो मीटरची चूक सहज राहत असे.

ती कोंडी कॅनडातल्या दोघांनी फोडली. ब्रूस कॅम्बेल आणि गॉर्डन वॉकर यांनी ताऱ्याच्या प्रकाशाच्या वाटेत हायड्रोजन फ्लोराइड वायूची नळी ठेवली. वायूच्या स्वतःच्या रेषा वर्णपटावर उमटतात आणि मोजपट्टीसारख्या उपयोगी पडतात. कल्पना सुरेख होती, पण वायू महाभयंकर. विषारी, आणि काचसुद्धा खाऊन टाकणारा. ती नळी घेऊन हे लोक हवाई बेटावरच्या मौना केआ शिखरावर, 3.6 मीटर व्यासाच्या कॅनडा-फ्रान्स-हवाई दुर्बिणीवर बारा वर्षे वीसेक तारे तपासत राहिले. त्या काळी दुसऱ्या ताऱ्यांचे ग्रह शोधतो म्हणणाऱ्याकडे बाकीचे खगोलशास्त्रज्ञ फारशा आदराने पाहत नसत. दुर्बिणीवर वर्षातून मोजक्याच रात्री मिळत.

1988 मध्ये कॅम्बेल, वॉकर आणि स्टीफन्सन यांग यांनी लिहिले, की गॅमा सेफी हा तारा सुमारे 25 मीटर वेगाने, पावणेतीन वर्षांच्या आसपासच्या फेऱ्यात डुलतो आहे आणि याचे कारण एखादा तिसरा घटक असावा. तिसरा म्हणण्याचे कारण असे, की हा तारा एकटा नाही. त्याला एक छोटा सोबती तारा आहे. आपल्याकडे ज्याला वृषपर्वा म्हणतात, त्या तारकासमूहातला हा तिसऱ्या प्रतीचा नारिंगी तारा येत्या हजार-दोन हजार वर्षांत ध्रुवताऱ्याच्या जागी येणार आहे. हा दावा तेव्हाच टिकला असता, तर तो माणसाने शोधलेला सूर्यमालेबाहेरचा पहिला ग्रह ठरला असता.

पण 1992 मध्ये वॉकर यांनी स्वतःच हा दावा मागे घेतला. ताऱ्याच्या वर्णपटातली कॅल्शियमची एक रेषाही अडीच वर्षांच्या आसपास कमी-जास्त होताना दिसत होती. कॅल्शियमच्या रेषा ताऱ्याच्या चुंबकीय हालचालींची खबर देतात. तारा राक्षसी वर्गातला मानला जात होता, आणि फुगलेला तारा स्वतःभोवती अडीच वर्षांत एक फेरी सहज घेऊ शकतो. त्याच्या अंगावर डाग असतील तर तो डुलल्याचा भास होईल. राक्षसी ताऱ्यांच्या संशोधनातला मुख्य पेच हाच आहे. या ताऱ्यांचे स्वतःभोवती फिरणे शेकडो दिवसांचे असते, आणि त्यांच्याभोवती सापडण्याजोग्या ग्रहांचा काळही शेकडो दिवसांचाच असतो. दोन्ही एकाच मापात येतात.

कॅम्बेल यांना कायमची नोकरी मिळाली नाही. त्यांनी खगोलशास्त्र सोडले. 1995 मध्ये स्वित्झर्लंडच्या मिशेल मायोर आणि दिदिए केलो यांनी 51 पेगासी या ताऱ्याचा, अवघ्या सव्वाचार दिवसांत फेरी पुरी करणारा ग्रह जाहीर केला आणि 2019 मध्ये त्यांना नोबेल मिळाले. तो मान रास्तच होता. पण मला या सगळ्या इतिहासात सर्वांत मोठे काम वाटते ते 1992 च्या माघारीचे. बारा वर्षे राबून हाती आलेला शोध, पुरावा पुरेसा नाही म्हणून खाली ठेवणे सोपे नव्हते.

कोणीतरी मोजत राहणे गरजेचे होते. हॅट्झेस आणि कॉक्रन मॅकडोनाल्ड वेधशाळेतून गॅमा सेफीवर नजर ठेवून होते. वायू आता आयोडीन होता, त्यामानाने निरुपद्रवी. 2003 मध्ये कॅनडाची जुनी आणि टेक्सासची नवी मोजमापे एकत्र ठेवली, तेव्हा 1981 ते 2002 असा सलग इतिहास समोर आला. डुलणे तसेच होते. काळ सुमारे 2.48 वर्षे, वेग सुमारे 27 मीटर, लय कुठेही चुकली नव्हती. कॅल्शियमच्या रेषेतल्या बदलाचा काळ मात्र त्याच्याशी जुळत नव्हता. डाग येतात, विरतात, जागा बदलतात. वीस वर्षे एकाच तालावर चालणारा ग्रहच असतो. त्या निबंधाच्या लेखकांत कॅम्बेल, वॉकर आणि यांग यांचीही नावे आहेत.

मग पुढचा प्रश्न आला: दोन ताऱ्यांच्या घरात हा ग्रह टिकतो कसा? सोबती तारा सूर्याच्या सुमारे 0.4 पट वस्तुमानाचा आहे आणि 67 वर्षांच्या लांबट कक्षेतून फिरताना तो मुख्य ताऱ्याच्या बराच जवळ येतो. अशा वेळी ग्रहाची कक्षा कुठवर सुरक्षित राहते, याचे गणित मॅथ्यू होलमन आणि पॉल वीगर्ट यांनी 1999 मध्ये संगणकावर हजारो कक्षा चालवून मांडले होते. दोन ताऱ्यांमधले अंतर, कक्षेचा लांबटपणा आणि वस्तुमानांचे प्रमाण दिले, की ग्रह कुठवर तग धरेल हे त्यातून निघते. गॅमा सेफीसाठी ही मर्यादा सूर्य-पृथ्वी अंतराच्या चौपटीच्या आसपास पडते. ग्रह त्या अंतराच्या दुपटीवर आहे. म्हणजे घर सुरक्षित आहे. हे गणित लक्षात ठेवावे. पुढे एका ताऱ्याच्या बाबतीत ते भलताच निकाल देणार आहे.

दरम्यान, निःसंशय राक्षसी असलेल्या ताऱ्याभोवतीचा पहिला ग्रह 2002 मध्ये जाहीर झाला होता. कॅलिफोर्नियातल्या लिक वेधशाळेत 0.6 मीटरच्या छोट्या दुर्बिणीने सबीने फ्रिंक, आंद्रेआस क्विरेनबाख आणि सहकारी 1999 पासून राक्षसी ताऱ्यांची पाहणी करत होते. कालेय तारकासमूहातला आयोटा ड्रेकोनिस त्यांना सापडला. त्याचा ग्रह गुरूच्या निदान 9 पट जड, फेरी सुमारे 511 दिवसांची, आणि कक्षा इतकी लांबट की ग्रह ताऱ्याजवळ येतो तेव्हा ताऱ्याचा वेग झपकन बदलतो आणि मग बराच काळ सावकाश सरकतो. डागांमुळे किंवा ताऱ्याच्या धडधडीमुळे असा तिरपागडा आलेख निघूच शकत नाही. कक्षेच्या आकारानेच इथे साक्ष दिली. पुढच्याच वर्षी जपानच्या ओकायामा वेधशाळेतून बुनेई सातो यांच्या गटाने 198 दिवसांची फेरी असलेला ग्रह शोधला. जपानमधून सापडलेला तो पहिला बाह्यग्रह. याच सातोंनी 2007 मध्ये एप्सिलॉन टॉरी या ताऱ्याचा ग्रह जाहीर केला. आपण ज्याला रोहिणी शकट म्हणतो, त्या गाड्याच्या आकृतीत एका टोकाला रोहिणी आहे आणि दुसऱ्या टोकाला हा तारा. खुल्या तारकागुच्छातल्या ताऱ्याभोवती सापडलेला तो पहिला ग्रह होता.

पोलक्सचा निकाल 2006 मध्ये लागला. पंचवीस वर्षांहून अधिक काळाची मोजमापे एकत्र केल्यावर 590 दिवसांचा ताल अढळ दिसला. हॅट्झेस यांच्या गटाने आणि लिकच्या गटाने स्वतंत्रपणे तोच निष्कर्ष काढला: गुरूच्या किमान दुपटीहून थोडा अधिक जड ग्रह, जवळजवळ गोल कक्षा. तारा आपल्यापासून 34 प्रकाशवर्षांवर. उन्हाळ्याच्या सुरुवातीला संध्याकाळी डोक्यावर येणाऱ्या, कुणालाही दाखवता येईल अशा ताऱ्याला ग्रह आहे, याचा आनंद मोठा होता.

त्यानंतर राक्षसी आणि राक्षसी होऊ घातलेल्या ताऱ्यांभोवतीच्या ग्रहांची रांग लागली. काही ताऱ्यांभोवती दोन-दोन ग्रह सापडले आणि तिथे कक्षांच्या स्थैर्याचा प्रश्न ऐरणीवर आला. 2011 मध्ये जॉन्सन यांच्या गटाने एचडी 200964 या ताऱ्याचे दोन ग्रह जाहीर केले. एकाची फेरी सुमारे 614 दिवसांची, दुसऱ्याची 825 दिवसांची. दोघेही गुरूच्या तोडीचे, आणि त्यांच्या कक्षांमधले अंतर सूर्य-पृथ्वी अंतराच्या साधारण एक-तृतीयांश. एवढे जड ग्रह इतके जवळजवळ फिरत असतील तर एकमेकांना ओढून केव्हाच उधळून लावायला हवेत. रॉबर्ट विटनमायर, जोनाथन हॉर्नर आणि क्रिस टिनी यांनी ग्रहांच्या कक्षा किंचित-किंचित बदलून हजारो वेळा संगणकावर चालवल्या, प्रत्येक वेळी कोट्यवधी वर्षे पुढे. बहुतेक वेळा मांडणी मोडली. तग धरली ती फक्त एका अरुंद पट्ट्यात: आतल्या ग्रहाच्या चार फेऱ्यांत बाहेरच्याच्या बरोबर तीन होतात, तिथे. असा ताल साधला की दोघे एकमेकांच्या धोकादायक जवळ कधी येतच नाहीत. नेपच्यूनची कक्षा ओलांडूनही प्लूटो सुरक्षित राहतो, तो याच प्रकारच्या तालामुळे. पण दोन जड ग्रह अशा चार-तीनच्या तालात मुळात पोहोचले कसे, हे ग्रहनिर्मितीच्या रूढ कल्पनांनी सांगता येत नाही, असे 2012 मध्येच दाखवून देण्यात आले.

या कामाचा एक मोठा परिणाम झाला. निरीक्षणांच्या आलेखात चपखल बसणारी कक्षा निघाली म्हणजे झाले, असे मानणे थांबले. ती कक्षा ताऱ्याच्या वयाइतकी टिकेल का, हेही विचारले जाऊ लागले. विटनमायर आणि हॉर्नर यांनी अनेक ग्रहमाला अशा तपासल्या आणि काही कागदावरच कोसळल्या. माझ्या मते हा प्रश्न सुरुवातीपासूनच विचारला जायला हवा होता. गणिताची साधने होती, संगणक होते; शोधाची घाई मात्र त्याहून मोठी होती.

घाईची किंमत गॅमा ड्रेकोनिस या ताऱ्याने दाखवून दिली. हा तारा खगोलशास्त्राच्या इतिहासात आधीच अजरामर आहे. लंडनच्या बरोबर डोक्यावरून जातो म्हणून जेम्स ब्रॅडली यांनी 1725 पासून त्याची जागा काटेकोर मोजली. त्यांना ताऱ्याचे अंतर काढायचे होते. सापडला तो प्रकाशाचा अपेरण परिणाम, म्हणजे पृथ्वीच्या गतीमुळे ताऱ्याची जागा किंचित सरकलेली दिसणे. पृथ्वी सूर्याभोवती फिरते याचा तो पहिला थेट पुरावा. पावणेतीनशेहून अधिक वर्षांनी त्याच ताऱ्याकडे हॅट्झेस यांचा गट ग्रहासाठी पाहत होता. 2003 ते 2011 या काळात 702 दिवसांचा स्वच्छ ताल मिळाला. गुरूच्या पावणेअकरापट जड ग्रह असावा, असा हिशेब निघाला. कॅल्शियमच्या रेषा शांत, ताऱ्याची चमक स्थिर, वर्णरेषांचा आकार न बदललेला. ग्रह म्हणून मान्यता मिळायला लागतात त्या सगळ्या परीक्षा तो उत्तीर्ण झाला होता.

2011 नंतर ताल जवळजवळ नाहीसा झाला. 2014 मध्ये तो परतला, पण पुढे-मागे सरकून. ग्रह असा दोन वर्षे गायब होऊन परत येत नाही. 666 आणि 801 दिवसांचे दोन ग्रह मानले तर आलेख जुळवता येत होता, पण कक्षांचे गणित केल्यावर अशी जोडी टिकण्याची शक्यता जेमतेम एक-दोन टक्के निघाली. 2018 मध्ये हॅट्झेस यांनी लिहिले, की हा ग्रह नाही. ताऱ्याच्याच अंगातली, आजवर न ओळखलेली स्पंदने असावीत. त्यांनी एक गंभीर इशाराही दिला. अशी स्पंदने राक्षसी ताऱ्यांत सर्रास असतील, तर या ताऱ्यांचे म्हणून मोजलेल्या ग्रहांपैकी बरेच ग्रह नसतीलच.

रोहिणीचे पुढे तेच झाले. 2015 मध्ये हॅट्झेस यांच्याच गटाने सुमारे 629 दिवसांचा, गुरूच्या साडेसहापट जड ग्रह जाहीर केला होता. 2019 मध्ये लिकच्या जुन्या नोंदी बाहेर काढून कात्या राइशर्ट आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की ताल मध्येच ढळतो. ग्रहाच्या बाजूने पुरावा उरला नाही. स्वातीभोवती ग्रह असल्याचे आजवर कुणी सिद्ध केलेले नाही. पोलक्सवरही प्रश्न उभा राहिला: 2021 मध्ये फ्रान्सच्या मिशेल ओरिएर यांच्या गटाने त्या ताऱ्याचे अतिशय क्षीण चुंबकीय क्षेत्र मोजले आणि तारा स्वतःभोवती सुमारे 660 दिवसांत फिरत असावा, असे काढले. 590 आणि 660 हे आकडे अस्वस्थ करण्याइतके जवळ आहेत. पोलक्सचा ताल मात्र अजून ढळलेला नाही आणि तारा रोहिणीच्या मानाने फारच लहान आहे. ज्या ग्रहांवर शंका आली, ते बहुतेक फार फुगलेल्या ताऱ्यांचे आहेत. म्हणून 1993 च्या त्या तिघांपैकी पोलक्सचा ग्रह तेवढा खरा धरायला हरकत नाही, आणि रोहिणीचा ग्रह आपल्या लेखांतून, भाषणांतून आता काढून टाकायला हवा.

स्थैर्याच्या गणिताने ग्रह खोटा ठरवला आणि अखेर त्याच गणिताने तो खरा ठरवला, अशी एक हकिकत मात्र वेगळीच आहे. न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर, टेकापो सरोवराकाठच्या माउंट जॉन वेधशाळेत डेव्हिड रॅम एक मीटरच्या दुर्बिणीने जोडताऱ्यांच्या कक्षा मोजत होते. ग्रह शोधणे हा त्यांचा हेतू नव्हता. दक्षिण ध्रुवाजवळच्या न्यू ऑक्टँटिस या ताऱ्याच्या मोजमापांत, सोबत्यामुळे होणारे मोठे डुलणे वजा केल्यावर आणखी एक लहान डुलणे उरत होते. सेकंदाला सुमारे 50 मीटर, 417 दिवसांच्या आसपास. 2009 मध्ये रॅम आणि सहकाऱ्यांनी ते जपून प्रसिद्ध केले. अडचण उघड होती. इथे दोन ताऱ्यांमधले सरासरी अंतर सूर्य-पृथ्वी अंतराच्या अवघे 2.6 पट, त्यांची फेरी 1050 दिवसांची. होलमन-वीगर्ट यांचे गणित लावले तर ग्रहाला सुरक्षित जागा सूर्य-पृथ्वी अंतराच्या दोन-तृतीयांशापर्यंतच मिळते. दिसणारा ग्रह 1.2 पटीवर, म्हणजे दोन ताऱ्यांच्या जवळपास मधोमध. तिथे ग्रह टिकूच शकत नव्हता.

2010 मध्ये टेक्सास विद्यापीठाच्या आर्लिंग्टन शाखेतले जेसन एबर्ले आणि मान्फ्रेड कुंट्झ यांनी एक साधी शंका विचारली: ग्रह उलट्या दिशेने फिरत असेल तर? सोबती तारा ज्या दिशेने फिरतो त्याच दिशेने ग्रह फिरला, तर दोघे बराच वेळ शेजारी-शेजारी चालतात आणि ओढ साचत जाते. उलट दिशेने फिरला तर दोघे एकमेकांसमोरून झटकन निघून जातात. प्रत्येक भेट थोडक्यात आटोपते. गुरू आणि शनीचे कितीतरी दूरचे चंद्र उलटे फिरतात आणि तरीही टिकून आहेत, ते याच कारणाने. एबर्ले आणि कुंट्झ यांच्या गणितात उलटी कक्षा टिकली. पण उलटा फिरणारा ग्रह तिथे आला कसा? दोन तारे इतके जवळ असताना ग्रह घडायला लागणारी धूळ-वायूची तबकडीच तग धरणार नाही. त्यामुळे अनेकांनी पर्यायी कारणे मांडली. सोबती तारा स्वतःच जोडतारा असावा, असेही सुचवण्यात आले.

रॅम मोजत राहिले. त्यांनी आयोडीनच्या नळीतून हजारावर नवी मोजमापे घेतली, ताऱ्याच्या तापमानात चढउतार होतो का तेही रेषांच्या खोलीवरून पाहिले. 2016 च्या निबंधापर्यंत ताऱ्यावर ना डाग सापडले, ना स्पंदने. ताल तसाच.

2025 मध्ये नेचर या नियतकालिकात निकाल आला. हाँगकाँग विद्यापीठातले हो वान चेंग आणि मान होई ली, त्यांच्याबरोबर त्रिफॉन त्रिफोनोव्ह, लिकच्या पाहणीपासून या कामात असलेल्या सबीने रेफर्ट, म्हणजेच 2002 च्या सबीने फ्रिंक, आणि रॅम स्वतः. चिलीतल्या हार्प्स वर्णपटमापकाची मोजमापे जुन्या नोंदींत मिळवल्यावर ग्रह पक्का झाला. कक्षा उलटी, आणि जोडताऱ्यांच्या कक्षेच्या जवळजवळ त्याच प्रतलात. याच मांडणीत ती टिकते. चिलीतच मोठ्या दुर्बिणीने सोबती ताऱ्याचा फोटो घ्यायचा प्रयत्न केला, तर तो दिसलाच नाही. सूर्याच्या 0.57 पट वस्तुमानाचा साधा तारा असता तर दिसायला हवा होता. म्हणजे तो श्वेत बटू आहे, जळून संपलेल्या ताऱ्याचा गाभा.

या एका गोष्टीने आधीची अडचण निराळी झाली. ही जोडी सुमारे 2.9 अब्ज वर्षांची आहे. आज मेलेला सोबती आधी मोठा होता, सूर्याच्या सुमारे 2.4 पट, आणि सुमारे 2 अब्ज वर्षांपूर्वी तो राक्षसी होऊन आपले बाहेरचे थर टाकून श्वेत बटू झाला. तारा वस्तुमान गमावतो तेव्हा त्याची पकड सैल होते आणि कक्षा बदलतात. त्यामुळे ग्रह जन्मापासून आजच्या कक्षेत असणे शक्य नाही. एक तर तो आधी दोन्ही ताऱ्यांभोवती मिळून फिरत होता आणि या उलथापालथीत आत खेचला गेला, नाही तर मरणाऱ्या ताऱ्याने टाकलेल्या वायूतूनच तो नव्याने घडला. दुसरी शक्यता खरी ठरली, तर तो दुसऱ्या पिढीचा ग्रह होईल.

न्यू ऑक्टँटिस महाराष्ट्रातून कधीच दिसत नाही. तो आपल्या दक्षिण क्षितिजाच्या वर येत नाही. गॅमा सेफी मात्र दिसतो. नोव्हेंबरच्या मध्यावर रात्री आठ-नऊच्या सुमारास उत्तरेला तोंड करून ध्रुवतारा शोधा आणि त्याच्या वर साधारण बारा अंशांवर पाहा. शहराच्या उजेडापासून जरा लांब गेलात तर नुसत्या डोळ्यांनी दिसेल. कॅम्बेल आणि वॉकर यांना सापडलेला त्याचा ग्रह आज निश्चित मानला जातो.